भिंग, फवारा आणि गुडघे: मार्गदर्शकासोबतच्या जंगलफेरीत मॉस कसं ओळखावं

मॉस पाहायला निघालेला गट तासाभरात शंभर मीटर पुढे सरकला, तर जरा घाईच झाली म्हणायची. पक्षी पाहायला चालावं लागतं, मॉस पाहायला थांबावं लागतं. एक कुजका ओंडका, त्याच्या बाजूचा ओला दगड आणि वरच्या झाडाची साल एवढ्यावर पाऊण तास सहज जातो, आणि तेवढ्या जागेत आठ-दहा वेगवेगळ्या जाती निघू शकतात. फेरीची जाहिरात 'तीन तासांत सहा किलोमीटर' अशी असेल, तर ती दुसऱ्या कशाची तरी फेरी आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत 'शेवाळ' हा एकच शब्द डबक्यावरच्या हिरव्या तवंगापासून भिंतीवरच्या मखमलीपर्यंत सगळ्याला पुरतो. तवंग हे शैवाल, म्हणजे खोड-पानं नसलेला वेगळाच गट. मखमल म्हणजे मॉस. त्याला खोड असतं, पानं असतात, पण खरी मुळं नसतात. मुळांच्या जागी धरून ठेवण्यापुरते बारीक तंतू असतात, त्यांना मूलाभ म्हणतात. फुलं आणि बिया नाहीत, प्रसार बीजाणूंनी होतो. जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच सूक्ष्मदर्शकाशिवाय पक्क्या ओळखता येत नाहीत. मात्र प्रजातीपर्यंत, म्हणजे नावातल्या पहिल्या शब्दापर्यंत, नुसत्या हातभिंगाने बऱ्याचदा पोचता येतं. पहिल्या काही फेऱ्यांत तेवढंच लक्ष्य ठेवावं.

सोबत काय घ्यायचं

१० पटींचं घडीचं भिंग घ्या. नवशिके हमखास २० पटींचं घेतात आणि पस्तावतात: त्यात दिसणारं क्षेत्र लहान, उजेड कमी, आणि हात जरा हलला की सगळं धूसर. २० पटींचं नंतर, दुसरं भिंग म्हणून ठीक. भिंगाला गळ्यात अडकवायची दोरी बांधा, शक्यतो भडक रंगाची. पानगळीत पडलेलं भिंग सापडत नाही.

त्याखेरीज १०० मिलिलिटरची फवाऱ्याची बाटली साध्या पाण्याने भरून, टोकदार चिमटा, छोटी पट्टी, एक लहान विजेरी, गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, त्याचं कारण पुढे येईल.

दिवस निवडता आला तर पाऊस पडून एक-दोन दिवस झाल्यावरचा निवडा. मॉस टवटवीत असतं आणि भिंगावर वाफ धरत नाही. पण कोरडा दिवस वाया गेला असं समजू नका. काही ओळखी फक्त कोरड्या मॉसमध्येच पटतात.

मार्गदर्शकाला निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या: नमुना उचलायला परवानगी आहे का, गटात किती माणसं आहेत, आणि वाटेत किती प्रकारच्या जागा लागतील. संरक्षित जंगलात बहुतेक वेळा काहीही उचलता येत नाही, आणि मार्गदर्शक 'नको' म्हणाला तर विषय तिथेच संपला. माणसं दहाच्या वर असतील तर एका ओंडक्याभोवती मागच्यांना फक्त पाठी दिसतात. अशा वेळी दोन टोळ्या करायला सुचवा.

कुठे पाहायचं

'मॉस उत्तरेच्या बाजूला वाढतं' हे विसरा. ते ओल आणि सावली जिथे टिकते तिथे वाढतं. दाट जंगलात ते खोडाच्या चारही बाजूंना असतं, आणि झुकलेल्या खोडावर पावसाचं पाणी ज्या अंगाने उतरतं तिथे जास्त.

त्याऐवजी प्रत्येक थांब्यावर आधी एकच प्रश्न: हे कशावर वाढलंय? उत्तर नेमकं हवं. 'झाडावर' हे उत्तर नाही. बुंध्याशी, खोडाच्या मध्यावर, की बारीक फांदीवर? साल खरखरीत की गुळगुळीत? 'लाकडावर' असेल तर सालीसकट की साल गळून मऊ पडलेल्या लाकडावर? दगड चुनखडीचा की नाही? माती उघडी, तुडवलेली, की पानगळीखालची? बरीच मॉस जागेच्या बाबतीत हट्टी असतात, त्यामुळे या एका उत्तराने यादी निम्म्यावर येते. जुन्या शेकोटीच्या जळक्या मातीवर फ्युनेरिया नावाचं मॉस येण्याची शक्यता भरपूर. फांदीवर ते शोधत बसू नका. सपाट वाटेच्या भेगांत चंदेरी झाक असलेला बुटका गालिचा दिसला तर तो ब्रायम अर्जेंटियम असण्याची दाट शक्यता. त्याच्या पानांच्या टोकाकडच्या पेशींत हरितद्रव्य नसतं, म्हणून ती चांदीची झाक. ही जात अंटार्क्टिकासह प्रत्येक खंडावर आहे.

ओंडक्यावर हात टेकण्याआधी त्याच्या खाली आणि मागे नजर टाका. तिथे राहणारे दुसरेही कोणी असतात.

भिंग धरायची पद्धत

मॉसच्या फेरीत सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट हीच. भिंग वर्तमानपत्र वाचल्यासारखं हातभर लांब धरलं, तर काहीच दिसणार नाही.

१. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा. चष्मा असेल तर चष्म्याला.
२. भिंग धरलेल्या हाताचं बोट गालाला टेकवा म्हणजे भिंग स्थिर राहतं.
३. आता मॉस भिंगाकडे आणा, भिंग मॉसकडे नेऊ नका. १० पटींच्या भिंगात वस्तू साधारण अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट होते. खोडावरचं मॉस हलवता येत नाही. मग डोक्यासकट भिंग पुढे न्या.
४. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले ठेवा, दुसरा डोळा उघडाच राहू द्या. मिटून ठेवला की पाच मिनिटांत डोकं दुखायला लागतं.
५. मॉसची एखादी काडी, म्हणजे पानांसकट एक खोड, चिमट्यात धरून उजेडासमोर धरा. बहुतेक मॉसचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, म्हणून मागून उजेड आला की मध्यशीर, कडा, दाते सगळं काचेतून दिसावं तसं दिसतं.

हे मॉसच आहे ना?

हिरवं आणि मऊ ते सगळं मॉस नव्हे. दगडफुलं राखाडी, पिवळट किंवा फिकट हिरवी असतात, त्यांना पानं आणि खोड हा भेदच नसतो, आणि वाळली की कुरकुरीत होतात. नावात मॉस असूनही 'रेनडिअर मॉस' हे दगडफुलांतलं आहे, 'स्पॅनिश मॉस' ही चक्क फुलझाडाची जात आहे, आणि 'क्लबमॉस' नेच्यांच्या जवळचं: त्याला खऱ्या वाहिन्या असतात आणि तोडताना खोड चिवट लागतं.

खरा गोंधळ होतो तो पानं असलेल्या लिव्हरवर्टशी, म्हणजे मॉसच्या जवळच्याच, पण वेगळ्या गटातल्या बुटक्या वनस्पतींशी. दोघं एकाच सालीवर, एकमेकांत गुंतून वाढतात. फरक असा: लिव्हरवर्टची पानं दोन रांगांत चपटी मांडलेली असतात, बऱ्याचदा खालच्या अंगाला आणखी एक बारीक पानांची रांग असते, पान गोलसर किंवा टोकाशी दुभंगलेलं, मध्यशीर कधीच नाही. मॉसची पानं बहुधा खोडाभोवती फिरकीने लागतात, टोकदार असतात आणि अनेकांत मध्यशीर असते. पान दुभंगलेलं दिसलं की ते मॉस नाही असं धरून चाला. लिव्हरवर्टची बीजाणूंची कुपी काळपट असते, पांढऱ्या पारदर्शक, लेच्यापेच्या दांडीवर येते, चार पाकळ्यांत उघडते आणि दांडी लवकर कोलमडते. मॉसची दांडी तारेसारखी कडक असते, महिनोन्‌महिने टिकते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. फिसिडेन्स या मॉसचीही पानं दोनच रांगांत, चपटी, चिमुकल्या नेच्यासारखी असतात. भिंगातून पानाचा तळ पाहा: पानाचा अर्धा भाग दुहेरी होऊन खिसा तयार झालेला असतो आणि तो खिसा वरच्या पानाला कवेत घेतो. असा खिसा दुसऱ्या कुठल्याच मॉसला नसतो. एकदा दिसला की फिसिडेन्स पुन्हा चुकत नाही.

उभं की पसरणारं

मॉस ठरलं की पुढची फाळणी. काही मॉस उभ्या काड्यांची असतात, फारशी न फाटे फुटणारी, गादीसारखी किंवा गोळ्यासारखी दाटलेली. त्यांची कुपीची दांडी काडीच्या शेंड्यातून निघते. दुसरी जमिनीलगत पसरतात, फांद्या-उपफांद्यांची जाळी करतात, आणि दांडी मुख्य खोडाच्या बाजूने, मध्येच कुठून तरी निघते. बहुतेक पुस्तकांतल्या ओळख-किल्ल्या, म्हणजे एकेका प्रश्नाच्या उत्तराने नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, याच प्रश्नाने सुरू होतात, आणि इथे चुकलात तर पुढची पन्नास पावलं चुकीच्या वाटेवर पडतात.

चूक होते ती अशी: उभ्या मॉसमध्ये कुपी धरल्यावर तिच्या खालून नवा कोंब फुटतो आणि जुन्या शेंड्याच्या वर जातो. मग दांडी बाजूने निघाल्यासारखी वाटते. यावर उपाय एकच. एक काडी मोकळी करा, दांडीला धरून खाली खाली जा आणि ती नेमकी कुठे संपते ते भिंगातून पाहा. जुन्या काडीच्या टोकाला संपत असेल तर ते उभंच. कुपी नसेल, तर फांद्यांच्या ठेवणीवर अंदाज बांधा आणि वहीत 'अंदाज' असंच लिहा.

पान: आधी कोरडं, मग ओलं

मार्गदर्शकाने उत्साहात फवारा मारायच्या आत त्याला थांबवा. कोरड्या अवस्थेत पानं काय करतात हे स्वतःच एक लक्षण आहे: काही खोडाला चिकटून दोरीसारखी होतात, काही कुरळ्या केसांसारखी गुंडाळतात, काही मळसूत्रासारखी पिळतात, तर काही जशीच्या तशी राहतात. एकदा पाणी पडलं की हे पुसलं गेलं. कोरड्याचा फोटो आधी काढा.

मग दोन-तीन वेळा फवारा मारा आणि भिंगातून बघत राहा. मॉसला पाणी मुळांतून चढवावं लागत नाही. पान अंगभर पाणी पितं. पिळलेली पानं काही सेकंदांत हलू लागतात आणि मिनिटाभरात चांदणीसारखी पसरतात. फेरीतला हा क्षण कुणी चुकवू नये.

आता ओल्या पानात क्रमाने पाहा. मध्यशीर आहे का. असेल तर टोकाच्या आधी संपते, टोकापर्यंत जाते, की टोकाबाहेर केसासारखी निघते? एकच की दोन आखूड? पानाची कड सपाट, आत वळलेली, की दातेरी? पान सरळ की कोयत्यासारखं एका बाजूला वाकलेलं? टोकाला पांढरा केस आहे का? उन्हातल्या खडकावर वाढणाऱ्या ग्रिमियाच्या राखाडी गोळ्यांना तो राखाडी रंग या पांढऱ्या केसांमुळेच येतो. ओला केला की गोळा एकदम काळपट हिरवा होतो.

मध्यशीर 'नाही' असं लिहिण्याआधी तीन वेगवेगळी पानं तपासा, तीही खोडाच्या मधल्या भागातली. शेंड्याची पानं कोवळी आणि तळाची झिजलेली असतात.

कुपी

कुपी म्हणजे मॉसचं ओळखपत्र. ती हिरव्या मॉसवर उभी असली तरी वेगळी पिढी आहे: खालचं हिरवं रोपटं एक पिढी, दांडी आणि कुपी ही दुसरी, आईच्या जिवावर पोसणारी. कोवळ्या कुपीवर टोपी असते. ती आईच्या पेशींची बनलेली. टोपी चिमट्याने अलगद उपटून पाहा: गुळगुळीत आहे, एका बाजूने चिरलेली आहे, की केसाळ? टोपीखाली झाकण असतं, आणि पिकल्यावर झाकण पडलं की कुपीच्या तोंडाशी दातांचं कडं दिसतं. दातांची संख्या चारच्या पटीत असते: टेट्राफिसमध्ये अवघे ४, बहुतेकांत १६, पॉलिट्रायकममध्ये ६४.

झाकण पडलेली, तांबूस तपकिरी कुपी निवडा, भिंगाखाली धरा आणि तिच्यावर तोंडाने हळूच वाफ सोडा. दात वळवळतात, वाफ उडाली की पुन्हा जागेवर येऊ लागतात. हवेतल्या ओलाव्यावर चालणारं हे दार बीजाणू थोडे थोडे सोडतं. फ्युनेरियाची दांडीही ओल-कोरडीप्रमाणे पिळते आणि उलगडते. हिरवी कुपी घेऊन हा प्रयोग केला तर काहीच घडत नाही, आणि मग मार्गदर्शकावर विनाकारण अविश्वास बसतो.

सुरुवातीला ओळखता येतील अशी

पॉलिट्रायकम सगळ्यात सोपं. देवदाराच्या रोपासारख्या ताठ काड्या, गर्द हिरव्या, कधी वीतभर उंच. पानाच्या वरच्या अंगावर मध्यशिरेला समांतर हिरव्या पट्ट्यांच्या दाट रांगा उभ्या असतात, वहीच्या पानांसारख्या. म्हणून हे पान जाड आणि अपारदर्शक दिसतं. टोपी सोनेरी केसांची. नर रोपांच्या शेंड्यावर लालसर, फुलासारखी वाटी असते. पावसाचा थेंब तिच्यात आपटला की शुक्रपेशी तुषारांबरोबर बाहेर उडतात. पुढच्या वर्षीचा कोंब त्या वाटीतूनच वर येतो, त्यामुळे एका काडीवर जुन्या वाट्या एकाखाली एक मोजता येतात. याचा नातलग अ‍ॅट्रिकम: पान पातळ, आडव्या सुरकुत्यांचं, पट्ट्या चार-सहाच, आणि कोरडं झालं की पार कुरळं.

पांढरट हिरवी, दाबली तर स्पंजासारखी लागणारी गोल उशी दिसली तर ल्युकोब्रायम. त्याचं पान अनेक पेशींच्या जाडीचं, आणि त्यातल्या रिकाम्या पेशींत पाणी साठतं. पाणथळ जागेत, शेंड्याला फांद्यांचा गुच्छ असलेलं, पिळल्यावर पाण्याची धार लागणारं ते स्फॅग्नम. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० पट पाणी ते धरतं. पसरणाऱ्यांपैकी थुइडियम नेच्याच्या पानासारखं दोन-तीनदा विभागलेलं, आणि हिप्नम वेणी घातल्यासारखं, सगळी पानं एकाच बाजूला वाकलेली. मोठी, गोलसर, जवळजवळ पारदर्शक पानं दिसली तर प्लॅजिओम्नियमच्या कुळाकडे वळा.

बाकीच्यांसाठी मार्गदर्शकाकडून नाव मागू नका, लक्षण मागा. 'हे कोणतं?' याऐवजी 'हे त्याच्याहून वेगळं कशावरून?' असं विचारलं की पुढच्या ओंडक्यावर तुमचं तुम्हाला ओळखता येतं. आणि लॅटिन नावांना घाबरू नका. मॉसना बहुतेक वेळा दुसरं नावच नसतं. त्यांची अधिकृत नावं १८०१ पासून, वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविगच्या ग्रंथापासून धरली जातात. त्याच्या दोन वर्षं आधीच हेडविग वारला होता. फक्त स्फॅग्नमची नावं सजीवांना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसच्या काळापासून, १७५३ पासून चालत आली आहेत.

नोंद, फोटो, नमुना

एका मॉसचे चार फोटो पुरतात: जागा दाखवणारा लांबचा, शेजारी पट्टी ठेवून गोळ्याचा, एका वेगळ्या काडीचा, आणि असल्यास कुपीचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग टेकवलं की पानाचाही येतो. नुसत्या हिरव्या गालिच्याच्या सुंदर फोटोवरून कुणीही जात सांगू शकत नाही, फोटो ओळखणारं अ‍ॅपसुद्धा. अ‍ॅप काहीतरी नाव देतं, आणि ठामपणे देतं, हीच अडचण आहे.

परवानगी असेल तर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरे, तोही मोठ्या गोळ्याच्या कडेचा आणि शक्यतो कुपीसकट. एकच लहान गोळा असेल तर हात लावू नका. नमुना कागदाच्या पाकिटात ठेवायचा. ए-४ कागदाची खालची कड वर आणा, वर ५ सेंटिमीटर मोकळी पट्टी सोडा. दोन्ही बाजू ३-३ सेंटिमीटर मागे दुमडा. वरची पट्टी पुढे मोडून तोंड बंद करा. १५ बाय १२ सेंटिमीटरचं पाकीट तयार होतं. नमुना आत घालण्याआधीच पाकिटावर तारीख, ठिकाण, उंची, कशावर वाढलं होतं आणि किती उजेड-ओल होती हे लिहा. 'घरी गेल्यावर लिहू' म्हणून ठेवलेली पाच पाकिटं संध्याकाळी एकसारखीच दिसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, दोन दिवसांत बुरशी धरते आणि नमुना फुकट जातो. कागदातलं मॉस सावलीत आपोआप वाळतं, आणि कित्येक वर्षांनी पाणी घातलं तरी पान पुन्हा मूळ आकारात उलगडतं.

घरी, सूक्ष्मदर्शकाखाली

एक काडी दहा मिनिटं पाण्यात ठेवा. काचपट्टीवर घेऊन एका चिमट्याने शेंडा धरा आणि दुसऱ्याने खोडावरून शेंड्याकडून तळाकडे ओढा; पानं तळासकट सुटतात. कैचीने कापली तर पानाचा तळ खोडावरच राहतो, आणि नेमक्या त्या कोपऱ्यातल्या पेशीच अनेक जातींत निर्णायक असतात. पाण्याच्या थेंबावर झाकणकाच तिरकी ठेवून हळूच सोडा. हवेचे बुडबुडे अडकत असतील तर पाण्यात भांड्याच्या साबणाचा अगदी किंचित अंश मिसळा. १०० पटींत पानाचा आकार आणि कड पाहून घ्या, मग ४०० पटींत पानाच्या मध्यावरच्या पेशी: लांब आणि चिंचोळ्या, षटकोनी, की गोल? पेशींवर बारीक पुटकुळ्या आहेत का? पुटकुळ्या असल्या तर पान भिंगातून मंद, धुरकट दिसलेलं असतं. वहीतली जंगलातली नोंद काढून ते जुळतं का पाहा. शेवटी एखादा मूलाभ शोधा. तो अनेक पेशींचा आणि तिरक्या पडद्यांचा असेल तर मॉस. सबंध तंतूच एका पेशीचा निघाला तर पाकिटात लिव्हरवर्टही आला आहे, आणि लेबलवर दोन ओळी लिहाव्या लागतील.